लिनबाई आणि पान दोनवरची ओळ

मला चिनी वाचता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे कुठेतरी मी याच सबबीच्या आड लपणार आहे आणि तेव्हा तुम्ही मला माफ करून टाकाल. करू नका.

लिनबाई म्हणजे मिसेस लिन. शॉमबर्गजवळच्या ज्या हॉस्पिटलात मी काम करते तिथे त्या आठवड्यातले तीन दिवस दुभाषी म्हणून यायच्या. वय सदुसष्ट. उंची माझ्या खांद्याला. केस स्वतःच्या स्वतः कापलेले, त्यामुळे एका बाजूला कायम थोडे जास्त. अंगात निळा स्वेटर आणि पायात कापडी बूट. आणि हात पाठीमागे बांधलेले. उभ्या असल्या की हात मागे, चालताना हात मागे. मला आधी वाटलं पाठ दुखत असेल. मी विचारलंसुद्धा. "नाही," त्या म्हणाल्या, "पुढे असले की मदत करतात."

त्यांचं इंग्रजी तुटक होतं, माझं नागपूरचं. पण आमचं जमायचं. इथे मी त्यांचं बोलणं मराठीत लिहितेय, पण वाक्यं तेवढीच ठेवलीत, एवढीशी. त्या सहा-सात शब्दांच्या वर जायच्या नाहीत.

चीनमध्ये, तिआंजिनला त्या एका मोठ्या हॉस्पिटलात मेंदूच्या आजारांच्या वॉर्डात तीस वर्षं नर्स होत्या, त्यातली शेवटची बरीच वर्षं हेड नर्स. मग मुलीकडे इकडे आल्या. इथे त्यांच्या तीस वर्षांना कुणी विचारेना, लायसन्स नाही म्हणून. रुग्णाचं डॉक्टरला सांगायचं आणि डॉक्टरचं रुग्णाला. एकदा कॅफेटेरियात संत्रं सोलता सोलता म्हणाल्या, "मी दुसऱ्यांची वाक्यं इकडून तिकडे नेते. माझं स्वतःचं वाक्य नाही." तक्रार नव्हती ती. संत्र्याच्या फोडी दोन समान भागांत मांडून त्यांनी एक भाग माझ्याकडे सरकवला.

रुग्ण त्यांना लिन लाओशी म्हणायचे. लाओशी म्हणजे काय, तर शिक्षिका, पण वयाने कामाने मोठ्या माणसालाही म्हणतात. मी म्हटलं, अगं बाई, म्हणजे आमच्या शाळेतल्या बाई! त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शब्द तोंडात घोळवून पाहिला. "बाई. छोटं आहे. चालेल." तेव्हापासून त्या माझ्या लिनबाई.

आमचं काम असं होतं. स्ट्रोक येऊन गेलेल्या, म्हणजे अंगावरून वारं गेलेल्या माणसाला तपासायचं एक इंग्रजी स्केल होतं. चमचा तोंडापर्यंत जातो का, तोंड धुता येतं का, शर्टाची बटणं लावता येतात का, अशा गोष्टी. प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन. शून्य म्हणजे जमत नाही, एक म्हणजे मदतीने जमतं, दोन म्हणजे आपलं आपण. या आकड्यांवर पुढचं बरंच ठरतं. माणूस घरी जाणार की नर्सिंग होमला, इथपर्यंत. हे स्केल चिनीत आणायचं होतं आणि ते चिनीतही बरोबर मोजतं हे सिद्ध करून त्यावर पेपर, म्हणजे शोधनिबंध, छापायचा होता.

तुम्ही म्हणाल, भाषांतर करून टाका, झालं. तसं नसतं बाप्पा. एक जण इंग्रजीचं चिनी करतो. दुसरा मूळ न बघता त्या चिनीचं परत इंग्रजी करतो. मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून कमिटी भांडते. मग रुग्णांना विचारायचं की तुम्हाला या प्रश्नातून काय समजलं. आणि शेवटी दोन जण एकाच रुग्णाला वेगवेगळे तपासतात, एकमेकांशी न बोलता, आणि त्यांचे आकडे जुळतात का ते बघायचं. जुळले तर स्केल चांगलं. नाही जुळले तर कुणाचं तरी चुकतंय.

मी त्यात कोऑर्डिनेटर. तारखा माझ्या, सह्या माझ्या, फॉर्म मांडून, छापून, फाइलला लावणं माझं. फॉर्म माझा, हे लक्षात ठेवा.

डॉ. हॅरिस आमचे प्रमुख. भला माणूस, पण सदा घाईत. लिफ्टचं दार उघडायच्या आधीच चालायला लागणारा. चिनी रुग्णांना तपासायला त्यांना कुणीतरी अनुभवी हवं होतं आणि लिनबाईंना त्यांनी विचारलं. बाई दुसऱ्या दिवशी एक कापडी पिशवी घेऊन हजर. पिशवीत पुरुषाचा पांढरा शर्ट, चमचा, वाटी, टॉवेल आणि दोन पत्र्याचे कप. शर्ट इस्त्रीचा. प्रत्येक रुग्णानंतर तो घरी जायचा आणि धुऊन इस्त्री होऊन परत यायचा. मी म्हटलं, बाई, तपासणीच तर आहे, चुरगळला तर काय बिघडलं? "चुरगळलेला शर्ट दिला," त्या म्हणाल्या, "तर माणूस घाई करतो. इस्त्रीचा दिला तर नीट घालतो."

कप कशासाठी ते मिस्टर हूंच्या वेळी कळलं. मिस्टर हू रिटायर्ड इंजिनियर, उजवा हात गेलेला, नुकता परत यायला लागलेला. सोबत मिसेस हू. आम्ही नुसतं विचारून बघत होतो, प्रश्न कळतात का म्हणून. तर प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिसेस हूंचं. अंघोळ? मी घालते. जेवण? मी भरवते. बटणं? प्रश्न संपायच्या आत बाईंचे हात नवऱ्याच्या कॉलरला! मिस्टर हू मान वर करून बसलेले, न्हाव्यापुढे बसावं तसे. मला हसू येत होतं, कारण माझे सासरे पुण्याहून आले की आमच्याकडे हेच चालतं. सासूबाई त्यांना पाणीसुद्धा स्वतःच्या हाताने घेऊ देत नाहीत आणि वर सांगतात, यांना काही जमत नाही हो.

लिनबाई पिशवीजवळ गेल्या. त्यांनी दोन्ही कप काठोकाठ पाण्याने भरले आणि मिसेस हूंच्या दोन्ही हातांत एकेक दिला. "जरा धरा. सांडू देऊ नका." झालं! मिसेस हूंचा जीव त्या दोन कपांत अडकला. हात गुंतले. आणि बाईंनी इस्त्रीचा शर्ट मिस्टर हूंच्या मांडीवर ठेवला, स्वतःचे हात मागे बांधले आणि उभ्या राहिल्या.

इतका वेळ कुणी थांबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बाई मान डोलवत नव्हत्या, शाब्बास म्हणत नव्हत्या, घड्याळ बघत नव्हत्या. नुसत्या त्या माणसाकडे बघत होत्या, तो करणारच आहे असं. पहिलं बटण तीनदा निसटलं. मीच उठून लावून देणार होते, खोटं कशाला बोलू. चौथ्यांदा ते काजात गेलं. मग दुसरं. पाचवं लागलं तेव्हा मिस्टर हूंनी कॉलर सरळ केली, त्याच हाताने, कुणी सांगितलं नसताना. मिसेस हू कप धरून रडत होत्या, पण पाणी सांडू दिलं नाही हो त्यांनी.

बाईंनी माझ्या कागदावर बोट ठेवलं. "दोन. लिही."

त्या दिवसानंतर त्यांनी कमिटीत एक मागणी केली. म्हणाल्या, आमच्या घरांत जमत नाही आणि करू देत नाहीत यांतला फरक कळत नाही, म्हणून सूचनांमध्ये एक ओळ वाढवा. इंग्रजी मुळात ती नव्हती. इंग्रजीवाल्यांना लागतही नसावी. चर्चा झाली आणि डॉ. हॅरिस म्हणाले, फाइन, गुड पॉइंट, घाला. अशा लहान लहान चाळीस बदलांना त्या दुपारी त्यांनी फाइन म्हटलं असेल. ओळ बाईंनीच लिहिली. तिचा अर्थ असा होता: घरच्यांना हात लावू देऊ नका, थांबा, रुग्णाने स्वतः केलं तेवढंच धरा. पान दोन, शेवटची ओळ. त्यांनी मला त्यातली अक्षरं बोटाने दाखवली, "हे थांबा." मी म्हटलं, छान दिसतं. मग त्या जरा लाजल्या, त्यांना लाजताना मी एकदाच पाहिलंय, आणि विचारलं, "पेपर छापतात तेव्हा नावं असतात ना? लिन आधी लिहितात की नंतर?"

तुमचं नाव असणारच बाई, मी म्हटलं. डॉ. हॅरिस तसं म्हणालेच होते. बाईंनी तिआंजिनच्या जुन्या वॉर्डच्या ग्रुपवर कळवूनही टाकलं. सगळ्या रिटायर्ड नर्सा, त्यांनी फुलांची चित्रं पाठवली. मला फोनवर दाखवली, एकेक करून, सगळी.

एकदा शनिवारी त्यांना घरी जेवायला बोलावलं. थालीपीठ त्यांना फार आवडलं, लोणी त्यांनी बाजूला काढून ठेवलं. निघायची वेळ झाली, त्यांना सोडायला जायचं होतं, आणि माझी इरा, तेव्हा सहा वर्षांची, दारात बुटांच्या नाड्यांशी झटत बसलेली. मी म्हटलं, आण इकडे, उशीर होतोय, आणि खाली वाकले. तर माझ्या हातात कप आला. चहाचा, काठोकाठ भरलेला. कधी भरला देव जाणे. मी तशीच अर्धी वाकलेली, कप सांभाळत, आणि लिनबाई शेजारी हात मागे बांधून. निखिल, माझा नवरा, गाडी चालू करून हॉर्न वाजवतोय. किती वेळ गेला विचारू नका. शेवटी इरा ओरडली, "आय डिड इट! मम्मा, डोन्ट टच!" गाठ भयंकर होती, पण होती. गाडीत मी म्हटलं, बाई, तुम्ही मला सांगितलं असतं तरी मी थांबले असते. त्या म्हणाल्या, "एकदा सांगते. दुसऱ्यांदा सांगितलं तर ते माझं काम होतं. तुझं राहत नाही."

हे वाक्य मी तेव्हा हसून सोडून दिलं.

आता फॉर्म. चिनी मजकूर चौकटींत बसवून तो दोन पानांत आणायचा होता. शेवटची चौकट उतू जात होती आणि एक ओळ तिसऱ्या पानावर जात होती. मी चौकट जरा लहान केली, अक्षर जरा लहान केलं, दोन पानं झाली. छान दिसत होतं. शेवटची ओळ चौकटीच्या खाली दडून गेली हे मला दिसलं नाही. इंग्रजी असतं तर दिसलं असतं. मराठी असतं तर नक्कीच. ते नव्हतं, म्हणून मला सगळ्या ओळी सारख्याच. बाईंना शेवटचं एकदा दाखवायचं होतं, पण त्यांचा वार नव्हता आणि अभ्यासाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीला त्याच दिवशी पाठवायचं होतं. पाठवलं. शिक्का बसला. गठ्ठेच्या गठ्ठे छापून आले.

इथपर्यंत ती चूक होती. चूक माणसाकडून होते.

तीन दिवसांनी माझ्या टेबलावर पिवळी चिठ्ठी होती. बाईंचं टोकदार अक्षर, इंग्रजीत: "पान दोन, शेवटची ओळ गेली. वेळ होईल तेव्हा." मी वाचली. नीट वाचली. आणि मला कळलं की आता फॉर्म बदलायचा तर तो परत एथिक्स कमिटीकडे जाणार, तीन-चार आठवडे काम थांबणार, आणि डॉ. हॅरिस विचारणार, कुणामुळे? त्याच महिन्यात माझ्या ग्रीन कार्डची फाइल तयार करायला घेतली होती. त्यात डॉ. हॅरिसचं पत्र हवं होतं. काटेकोर, विश्वासू, असं काहीतरी त्यात ते लिहिणार होते. मी चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकली. उद्या बघू, असं म्हटलं. उद्या काही मी बघितलं नाही.

बाईंनी परत विचारलं नाही. एकदा सांगून झालं होतं.

दुसरा तपासणारा म्हणून केव्हिन आला. इथेच जवळ, नेपरव्हिलला जन्मलेला, शनिवारच्या चिनी शाळेत शिकलेला, गुणी पोरगा. तो कमिटीच्या बैठकांना नव्हता. त्याच्याकडे होता तो छापील फॉर्म आणि तो अक्षरशः त्या फॉर्मप्रमाणे चालायचा. घरचे बटणं लावून देतायत? मदत. एक. चमचा बायकोने धरला? एक. त्याच माणसाला तासाभराने लिनबाई तपासायच्या, कप भरून, हात बांधून. दोन. दोन. दोन. महिनोन् महिने. आकडे जुळवून पाहिले तेव्हा ते इतके वाईट आले की डॉ. हॅरिस खुर्चीत बसले. तोवर मी त्यांना मीटिंगला कधी बसलेलं पाहिलं नव्हतं.

त्या खोलीत आम्ही चौघंच होतो.

"मिसेस लिन, केव्हिन एक देतो तिथे तुम्ही दोन देता. का?"

"रुग्ण करतो. मी थांबते."

"किती वेळ?"

"करेपर्यंत."

केव्हिन बिचारा चाचरत म्हणाला, "पण थांबायचं असं सूचनेत कुठे आहे? फॅमिली हेल्प करत असेल तर मी वन देतो."

"आहे," बाई म्हणाल्या. "पान दोन, शेवटची ओळ."

केव्हिनने फॉर्म उलटला. वरून खाली बघितलं. "नाहीये, लिन लाओशी."

मग बाईंनी आपले फॉर्म पुढे ठेवले. प्रत्येकावर, पान दोनच्या तळाशी, बारीक पेन्सिलीने ती ओळ लिहिलेली होती. एकूण एक फॉर्मवर, एकाच जागी, एकसारखी. माझी चूक त्या रोज हाताने दुरुस्त करत होत्या आणि त्यांना वाटत होतं की केव्हिनला मी सांगितलंच असणार. डॉ. हॅरिसनी एक फॉर्म उचलला.

"ही पेन्सिल तुमची?"

"हो."

"सगळ्या फॉर्मवर?"

"सगळ्या."

"मिसेस लिन, मंजूर झालेल्या फॉर्मवर आपण स्वतःचं काही वाढवू शकत नाही."

"कमिटीत ठरलं होतं. तुम्ही हो म्हणालात."

डॉ. हॅरिसना आठवेना. खरंच आठवत नव्हतं, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते माझ्याकडे वळले. "वर्षा, ही ओळ फायनलमध्ये होती?"

ड्रॉवरमध्ये चिठ्ठी होती. कमिटीच्या त्या दुपारची टिपणं माझ्याच लॅपटॉपवर होती, दोन मिनिटांत निघाली असती. मी म्हणाले, "फाइलमध्ये आहे तोच फायनल फॉर्म आहे."

यातला शब्द न् शब्द खरा आहे. तपासून बघा. म्हणून तर ते वाक्य मला रात्रंदिवस टोचतं.

लिनबाई माझ्याकडे वळल्या. त्यांनी चिठ्ठीचं नाव काढलं नाही. रागावल्या नाहीत, कपाळाला आठीसुद्धा नाही. त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. ते बघणं मला ओळखीचं होतं. मिस्टर हूंच्या पहिल्या बटणाच्या वेळचं होतं ते, तिसऱ्यांदा निसटल्यानंतरचं. मला वेळ दिला होता त्यांनी. दोन बटणं आरामात लागली असती एवढा वेळ. मी माझ्या पेनचं टोपण काढलं, लावलं, काढलं. मग डॉ. हॅरिसनी घड्याळ बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली.

बाईंचे सगळे आकडे बाजूला ठेवले. नियम सोडून काम केलं, असं कारण लिहिलं. ते टाइप मीच केलं. त्यांच्या जागी दुसरी मुलगी आली, तिला छापील फॉर्म दिला, तिचे आणि केव्हिनचे आकडे झकास जुळले. जुळणारच. दोघंही थांबत नव्हते.

शेवटच्या दिवशी मी त्यांना कॉरिडॉरमध्ये गाठलं. म्हटलं, "बाई, मी बघते काय करता येतं ते." त्या म्हणाल्या, "बघ." एवढंच. मी परत आले तर माझ्या टेबलावर ती कापडी पिशवी. आत चमचा, वाटी, टॉवेल, दोन कप आणि इस्त्री केलेला शर्ट, पुढच्या माणसासाठी. तो शर्ट हातात घेऊन मी बाथरूममध्ये जाऊन रडले. रडणं सोपं होतं. रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि तीन वाजताच्या मीटिंगला गेले.

पेपर छापून आला. त्यात माझं नाव चौथं आहे. लिन हे नाव आधीही नाही, नंतरही नाही, खाली आभारात बारीक अक्षरांतही नाही. पेपर माझ्या फाइलला लागला, पत्रही लागलं, त्यात काटेकोर आणि विश्वासू हे दोन्ही शब्द आहेत. ग्रीन कार्ड आलं तेव्हा निखिलने केक आणला. मी दोन घास खाल्ले. तिआंजिनच्या त्या नर्सांनी पुढे काय विचारलं असेल, हा विचार मी करत नाही असं सांगितलं तर ते खोटं आहे. आणि ते स्केल आता वापरात आहे. कुठेतरी कुणीतरी मिसेस हू आपल्या नवऱ्याची बटणं लावते आहे आणि कुणीतरी शेजारी उभं राहून एक लिहितंय.

तीन वर्षं झाली. लिनबाईंनी दुभाष्याचं कामही थोड्याच दिवसांत सोडलं होतं. फोन नंबर होता माझ्याकडे. अजून आहे.

गेल्या मार्चमध्ये पापलेट आणायला चिनी ग्रोसरीत गेले होते. ताजी मासळी तिथेच मिळते. मासे कापून देतात त्या काउंटरला ही रांग, पुढे काही हलेना. लोक माना उंचावून बघत होते. सगळ्यात पुढे काठी टेकून मिस्टर हू उभे, उजव्या हाताने प्लॅस्टिकची पिशवी उघडायचा प्रयत्न करत होते. ती पातळ पिशवी, ती धडधाकट माणसालाही उघडत नाही. बाजूला मिसेस हू, दोन्ही हातांवर अंड्यांचा भलामोठा ट्रे घेऊन, अगदी स्तब्ध. ट्रे कुणी दिला असेल ते मी विचारायच्या आत मला दिसलं. त्यांच्या मागे निळा स्वेटर, एका बाजूला जास्त असलेले केस, आणि पाठीमागे बांधलेले हात.

आता तिथे त्यांच्याकडे ना फॉर्म होता, ना पेन्सिल, ना कुणी तपासायला सांगितलं होतं. मागचा माणूस पुटपुटला, बाईंनी वळून पाहिलं नाही. पिशवी उघडली. मासा आत गेला. मिस्टर हूंनी गाठ मारली. रांग पुढे सरकली.

मग त्या वळल्या आणि मी समोर. पळून जावंसं वाटलं. "कशा आहात?" मी म्हटलं. त्यांचे हात मागेच होते. मला वाटलं होतं की त्या काहीतरी बोलतील, विषय काढतील, इरा किती मोठी झाली विचारतील, माझं ओझं हलकं करतील. छे. त्या थांबल्या.

"बाई," मी म्हटलं, "ती ओळ." आणि तिथेच अडले. माझ्या आजूबाजूने ट्रॉल्या जात होत्या. त्यांनी माझं वाक्य पुरं केलं नाही. मला खूप वेळ लागला. "ती ओळ माझ्याकडून गेली होती. तुमची चिठ्ठी मी वाचली होती. मीटिंगमध्ये मला माहीत होतं."

"हो," लिनबाई म्हणाल्या. "मला पण माहीत होतं."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग विचारलं, "डॉक्टरला सांगितलं?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग एक," त्या म्हणाल्या. "अर्धं मी केलं. मी समोर उभी राहिले म्हणून."

मिसेस हूंच्या हातातून त्यांनी अंड्यांचा ट्रे घेतला आणि तिघं दाराकडे गेले. मिस्टर हू पुढे, काठी टेकत, मासा स्वतःच्या हातात घेऊन. सरकतं दार उघडलं तेव्हा लिनबाईंनी वळून एकदा माझ्याकडे पाहिलं. हातात ट्रे होता, म्हणून या वेळी हात मागे नव्हते. पण बघणं तेच होतं.

त्या संध्याकाळी मी डॉ. हॅरिसना ईमेल लिहायला घेतला. चिठ्ठीचा फोटो जोडला. चिठ्ठी मी फेकलेली नाही. तारीख, पान, ओळ, सगळं इंग्रजीत नीट मांडलं. तो ड्राफ्टमध्ये आहे. मी रोज उघडते, एखादा शब्द बदलते आणि बंद करते.

आणि हे जे तुम्ही वाचताय, हे सगळं मी एका बैठकीत लिहिलं, न अडखळता. मराठीत. जी डॉ. हॅरिसना वाचता येत नाही आणि लिनबाईंनाही नाही.